कंटेनरचा नंबर: साचा जुळला म्हणून नंबर बरोबर नसतो

न्हावा शेवाच्या गेटमधून जाणाऱ्या कंटेनरच्या दारावर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा आकडा रंगवलेला दिसतो. ही रचना आयएसओ ६३४६ या मानकाची. पहिली तीन अक्षरं मालकाची, पॅरिसच्या बीआयसी या संस्थेकडे नोंदवलेली. चौथं अक्षर मालवाहू कंटेनरसाठी यू; जे आणि झेड इतर साधनांसाठी.

असा नंबर संगणकात टाइप झाला की पहिली चाळणी रेजेक्सची, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनची: मजकूर ठरावीक साच्यात बसतो का, हे तपासणाऱ्या खुणांची. आधी स्पेस आणि डॅश काढा, अक्षरं कॅपिटल करा. मग साचा असा: ए ते झेडपैकी तीन, यू-जे-झेडपैकी एक, त्यापुढे सात आकडे. 'मजकूर इथेच सुरू' सांगणारं ^ आणि 'इथेच संपला' सांगणारं $ विसरलात, तर लांबलचक मजकुरात दडलेला अकरा खुणांचा तुकडाही पास होतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत $ शेवटच्या न्यूलाइनकडे, म्हणजे ओळ बदलणाऱ्या अदृश्य खुणेकडे, काणाडोळा करतं. तिथे संपूर्ण मजकूर साच्याशी जुळवणारं फुलमॅच हे फंक्शन वापरावं.

आपल्याकडे हमखास नडणारी गोष्ट वेगळीच. पायथन ३ मध्ये 'कुठलाही आकडा' सांगणारी बॅकस्लॅश-डी ही खूण देवनागरी आकडेही स्वीकारते. बेरीज करणाऱ्या कोडलाही ते चालतात! चूक कुठेच दिसत नाही, आणि डेटाबेसमध्ये एकाच कंटेनरच्या दोन नोंदी होतात. म्हणून इंग्रजी शून्य ते नऊ असा पल्ला स्पष्ट लिहावा.

शून्याऐवजी ओ पडला, तर रेजेक्स पकडतं. आकड्यांची अदलाबदल मात्र त्याच्या नजरेतून सुटते. ती पकडायला चौकटीतला तपास-आकडा आहे. अक्षरांना किमती असतात: ए म्हणजे १०, बी १२, सी १३, अशा झेड ३८ पर्यंत, ११, २२, ३३ वगळून. पहिल्या दहा खुणांच्या किमतींना अनुक्रमे १, २, ४, ८ असं दुप्पट करत ५१२ पर्यंत गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं. सीएसक्यूयू ३०५४३८ ची बेरीज ६१८५, बाकी ३, तोच तपास-आकडा. ३०५ चं ३५० झालं, तर बाकी ८ येते आणि चूक उघडी पडते.

बाकी १० आली तर ० धरतात. त्यामुळे ० चे दोन अर्थ होतात आणि काही चुका निसटतात. म्हणून असे अनुक्रमांक टाळावेत, असं मानक सुचवतं. ती मालकासाठी सूचना आहे. तपासणाऱ्या कोडने असा नंबर नाकारू नये.