अर्धा आलेख आयता

उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात वडोदऱ्यातील दांडिया बाजारच्या आमच्या घरी गेंडीगेटहून कोडीभर पतंग आले, आणि किन्ना, म्हणजे मांजा जोडायची दोरी, बांधण्यापूर्वी भाच्याने प्रत्येक पतंगाच्या मधल्या काडीपासून दोन्ही बाजू वितीने मोजून पाहिल्या. त्याच टेबलावर बारावीत शिकणारी त्याची बहीण य = क्ष³ − ६क्ष² + ९क्ष या फलाच्या, म्हणजे क्षच्या प्रत्येक किमतीला यची एक किंमत देणाऱ्या सूत्राच्या, आलेखासाठी कोष्टक भरत बसली होती. “मामा, हे काम मोबाइल क्षणात करतो, मग हाताने कशाला?” असे तिने विचारले. मोबाइल बिंदू मांडतो हे खरे. परंतु वक्र तसाच का वळतो हे तो सांगत नाही, आणि भावाने पतंगाची घेतली तशी परीक्षा तिने फलाची घेतली असती, तर कोष्टकाचा निम्मा भाग तिला आयताच मिळाला असता.

शाळेत सममितीचे दोन प्रकार शिकवतात. क्षच्या जागी −क्ष घातल्यावर किंमत बदलली नाही, तर ते सम फल. त्याचा आलेख पतंगाप्रमाणे उभ्या अक्षावर घडी घातल्यास तंतोतंत जुळतो. किंमतीचे केवळ चिन्ह बदलले, तर ते विषम फल. पत्त्यांतील राजा उलटा धरला तरी जसा तसाच दिसतो, तसा त्याचा आलेख आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा दिल्यावर स्वतःवरच येऊन बसतो. संख्यांवरून ही नावे घेतली असली, तरी प्रत्येक पूर्णांक जसा सम किंवा विषम असतोच, तसे फलांचे नाही. बहुतेक फले दोन्हींपैकी काहीच नसतात. क्ष³ − ३क्ष हे विषम फल आहे, पण त्यात २ मिळवले की ते विषम राहत नाही, कारण सुटी संख्या म्हणजे क्षचा शून्यावा घात, आणि शून्य सम आहे; सम घाताचे चिन्ह −क्ष घातल्यावर बदलत नाही. परीक्षेत हमखास चुकणारी जागा ती हीच.

सम फलाचे देखणे उदाहरण म्हणजे १ भागिले (१ + क्ष²). मिलानच्या मारिया आन्येसी यांच्या १७४८ सालच्या ग्रंथात आलेल्या या घंटेसारख्या वक्राला इंग्रजीत आजही ‘चेटकीण’ म्हणतात, कारण शिडाच्या दोरीशी नाते सांगणारा मूळ इटालियन शब्द अनुवादकाने सैतानाच्या बायकोचा समजून घेतला. चेटूक वक्रात नव्हते, अनुवादात होते.

आता भाचीच्या कोष्टकाकडे वळू. क्ष −१ पासून ५ पर्यंत नेल्यास यच्या किंमती अनुक्रमे −१६, ०, ४, २, ०, ४, २० अशा येतात. वरवर पाहता येथे सममितीचा मागमूस नाही. पण मधल्या २ पासून सारख्या अंतरावरच्या जोड्या, म्हणजे −१६ आणि २०, ० आणि ४, ४ आणि ०, यांची बेरीज दर वेळी ४ च भरते, म्हणजे मधल्या किंमतीच्या दुप्पट. याचे कारण विकलजात आहे. विकलज म्हणजे वक्राचा त्या त्या जागचा चढ, आणि त्रिघाती बहुपदीचा विकलज नेहमी द्विघाती असतो. येथे तो ३क्ष² − १२क्ष + ९ आहे. त्याचा आलेख अन्वस्त, म्हणजे वाटीसारखा वक्र, असतो आणि अन्वस्ताला स्वतःचा अक्ष असतोच; येथे तो क्ष = २ वर आहे. त्यामुळे २ च्या उजवीकडे काही अंतरावर जो चढ, तोच डावीकडे तितक्याच अंतरावर. म्हणून उजवीकडे जाताना वक्र जेवढा वर चढतो, तेवढाच डावीकडे जाताना खाली उतरतो, आणि (२, २) या बिंदूभोवती अर्धा फेरा दिल्यास आलेख पुन्हा जसाच्या तसा जुळतो. क्षच्या जागी २ + त घालून पाहा. त³ − ३त + २ उरते, म्हणजे मघाचेच विषम फल दोन घरे उजवीकडे आणि दोन घरे वर सरकून बसले आहे. क्ष = १ वरचे शिखर सापडले की क्ष = ३ वरची दरी वेगळी शोधावी लागत नाही.

हा युक्तिवाद कोणत्याही त्रिघाती बहुपदीला लागू पडतो, कारण त्यात अन्वस्ताच्या अक्षाखेरीज कशाचाच आधार घेतलेला नाही. भाचीने हे ऐकून वही टेबलावर उलटी फिरवली, आणि वक्र तोच राहिल्याची खात्री करून घेतल्यावर चौथ्या घाताचेही असेच असते का, असे विचारले. तसे नसते. क्ष⁴ − २क्ष² च्या दोन्ही दऱ्या सारख्याच खोल असतात, पण त्यात नुसता एक क्ष मिळवला की डावी दरी खोल जाते, उजवी वर उचलली जाते, आणि मग ना घडी जुळते, ना फेरा.