हेसेन-कासेल : फौजेच्या जोरावर तगलेले संस्थान

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात २६ डिसेंबर १७७६ रोजी सकाळी ट्रेंटन येथे जॉर्ज वॉशिंग्टनने अचानक छापा घालून सुमारे नऊशे जर्मन सैनिक कैद केले. ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या या सैनिकांना सरसकट भाडोत्री म्हटले जाते. मात्र त्यांनी एकेकट्याने ब्रिटनची चाकरी पत्करली नव्हती, तर त्यांच्या राजाने करार करून पलटणीच्या पलटणी दिल्या होत्या. हेसेन-कासेल या त्यांच्या जर्मन संस्थानाने हा मार्ग का धरला, याची मुळे आधीच्या दोन शतकांत आहेत.

अखंड हेसेनचा लांडग्राफ (ही तिथल्या राजांची पदवी) फिलिप १५६७ मध्ये वारला आणि राज्य चार मुलांत वाटले गेले. थोरल्या विल्हेल्मला कासेलसह सुमारे निम्मा मुलूख मिळाला, लुडविगला मारबुर्ग आणि उरलेल्या दोघांना राइनफेल्स व डार्मश्टाट. पहिली पत्नी हयात असताना, धर्मसुधारक लूथरच्या गुप्त संमतीने फिलिपने केलेल्या दुसऱ्या विवाहाच्या मुलांना मात्र राज्यात वाटा मिळाला नाही.

वाटणीने भांडण संपले नाही. १६०४ मध्ये लुडविग निपुत्रिक वारल्यावर मारबुर्गचा वारसा कासेल व डार्मश्टाट यांच्यात वादात सापडला. लुथरपंथ अबाधित राहावा ही मृत्युपत्राची अट असताना कासेलचा लांडग्राफ मोरित्स याने कॅल्व्हिनचा (दुसरा प्रोटेस्टंट) पंथ लादू पाहिला, म्हणून १६२३ मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या न्यायालयाने सारा वारसा डार्मश्टाटला दिला. कर्ज व पराभव यांनी जेरीस आलेल्या मोरित्सने १६२७ मध्ये गादी सोडली. त्याचा मुलगा विल्हेल्म पाचवा तेव्हा जर्मनीत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धात सम्राटाविरुद्ध स्वीडनच्या बाजूने लढला आणि १६३७ मध्ये परागंदा अवस्थेतच वारला.

माझ्या मते खरे वळण येते ते यानंतर, त्याची विधवा अमाली एलिझाबेथ हिच्या कारभारात. स्वतःचा बराचसा मुलूख शत्रूच्या हाती असतानाही तिने फौज मोडली नाही. ती परक्या प्रदेशात ठेवून तिथल्याच वसुलीवर पोसली आणि १६३९ मध्ये फ्रान्सशी तह करून आर्थिक मदत मिळवली. हे युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालिया तहात तिने मारबुर्ग पुन्हा मिळवले, हेर्सफेल्डचा मठ मिळवला, शिवाय सैन्याच्या देण्यापोटी शेजारच्या कॅथलिक धर्मसंस्थानांकडून सहा लाख टालर (चांदीची नाणी) वसूल केले. हाती फौज असेल तर लहान संस्थानालाही मोठ्यांकडून दाम मिळतो, हे इथे सिद्ध झाले.

तिचा नातू कार्ल याने १६८७ मध्ये व्हेनिसला तुर्कांविरुद्ध हजार सैनिक दिले. फ्रान्समधून हाकललेल्या ह्यूगेनॉटांना (फ्रेंच प्रोटेस्टंटांना) आश्रय देऊन त्याने कार्ल्सहाफेन हे नगर वसवले आणि कासेलच्या टेकडीवर हर्क्युलिसचा भव्य पुतळा उभारला. पुढे १७७६ मध्ये त्याचा नातू फ्रिडरिश दुसरा याने ब्रिटनशी केलेला करार याच परंपरेतला होता. आरंभी बारा हजारांवर सैनिक गेले, नंतर भरतीही पाठवली गेली. सैनिकांना ब्रिटिश दराने पगार मिळे, तर कराराची रक्कम लांडग्राफच्या खजिन्यात जाई. तिच्या बळावर कर हलके झाले. हजारो माणसे मात्र परतली नाहीत. अनेक रोगाने मेली, काही अमेरिकेतच स्थायिक झाली.

१७८५ मध्ये गादीवर आलेल्या विल्हेल्म नवव्याला वारशाने अवाढव्य संपत्ती मिळाली. तिच्या व्यवहारांतूनच फ्रँकफर्टच्या मायर आम्शेल रोथशिल्ड या सावकाराचा उत्कर्ष झाला. १८०३ मध्ये विल्हेल्म इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) झाला. पण १८०६ मध्ये नेपोलियनने मुलूख घेतल्यावर ही संपत्ती लपवत त्याला पळावे लागले. १८१३ मध्ये राज्य परत मिळाले. १८६६ च्या युद्धात त्याच्या नातवाने ऑस्ट्रियाची बाजू घेतली आणि विजयी प्रशियाने हे संस्थान खालसा केले.