कॅन्सरची भीती आहे, मग मामा तोंड दाखवायला का जात नाहीत?

तंबाखूनं कॅन्सर होतो हे न ऐकलेला माणूस निपाणी भागात मिळणं कठीण. तरी गालाच्या आत पांढरा चट्टा आलेले एखादे मामा डबी काढतात, चुना लावून बार मळतात आणि वर म्हणतात, ‘आमचा आज्जा नव्वदीपर्यंत खात होता की, काय झालं त्याला?’

हे अज्ञान नव्हे. संकट आलंच तर ते दुसऱ्यावर येईल, असं बहुतेकांना वाटतं. मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी 1980 मध्ये हे विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात दाखवलं. शिवाय सवयीचा, आपणहून पत्करलेला धोका लहानच भासतो. ज्या गावाचं पोट तंबाखूवर चालतं, तिथं तर विचारूच नका.

पुढचा फरक स्वभावाचा. चट्टा दिसला की कुणी चार जणांना विचारून भंडावून सोडतो, तर कुणी आरशात तोंड उघडून बघणंच सोडतो. मानसशास्त्रज्ञ सुझान मिलर यांनी 1980च्या दशकात या दोन तऱ्हा मांडल्या. न बघणाऱ्याला आपण बेफिकीर म्हणतो, पण बरेचदा तोच जास्त घाबरलेला असतो. न बघितल्यानं आजची रात्र तरी झोप लागते.

अशाला आणखी घाबरवून काय होणार? 1965 मध्ये हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली. भीषण मजकुरानं मुलं घाबरली, लस घ्यायचं मनावरही घेतलं. प्रत्यक्षात गेली जेमतेम 3 टक्के. ज्यांना दवाखान्याची खूण केलेला नकाशा देऊन ‘कधी जाणार ते ठरवा’ म्हटलं होतं, त्यांतली 28 टक्के गेली. मजकूर किती भीषण होता, यानं या आकड्यात फारसा फरक पडला नाही.

आपल्याकडे तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग 2016 पासून इशाऱ्यानं व्यापला. व्यसन सोडायला मदत करणारा 1800-11-2356 हा फुकट नंबर त्यावर आला तो 2018 मध्ये, आणि माझ्या मते खरं काम त्या नंबराचं. पण घरी तव्यावर भाजलेल्या मिशेरीवर ना चित्र, ना नंबर. तिथं आशाताईच हव्यात, त्याही ‘कॅन्सर होईल’ म्हणणाऱ्या नकोत. ‘मंगळवारी दहाच्या बशीनं दातांच्या डॉक्टरकडं जाऊ’ म्हणणाऱ्या हव्यात. जाता जाता मामांना हेही सांगावं, की असे बहुतेक चट्टे कॅन्सरपर्यंत जात नाहीत आणि तंबाखू सुटल्यावर काही मावळतातही. कुठला चट्टा कसला, ते मात्र डॉक्टरनं बघितल्याशिवाय कळत नाही.