कुलूप लावून निघणे आणि किल्ली परत देणे

शेजाऱ्याच्या शिवीगाळीला आणि धमक्यांना कंटाळून जे कुटुंब रातोरात घराबाहेर पडते, त्याच्या डोक्यात त्या वेळी कायदा नसतो. मुले, कागदपत्रांची पिशवी आणि पहाटेची पहिली एसटी एवढेच असते. मात्र त्या घरावर पुढे हक्क उरतो की नाही, हे पुष्कळदा एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीवरून ठरते: दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली, की ती मालकाच्या हाती दिली. बोलताना आपण दोन्हींना ‘घर सोडले’ असेच म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने पहिले म्हणजे तेथे राहणे थांबवणे आणि दुसरे म्हणजे ताबा सोडणे होय, आणि जुन्या नाशकातील वाड्यातला भाडेकरू व पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस या दोघांसाठी त्यांचे परिणाम अगदी उलटे आहेत.

प्रथम वाड्यातला भाडेकरू घेऊ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला जागेत स्वतःचा हितसंबंध, म्हणजे कायद्याने मानलेला हक्क, असतो, आणि तो केवळ जागेवर न राहिल्याने तत्काळ संपत नाही. तो संपतो तो स्वेच्छेने ताबा परत केल्याने. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे असा त्याग स्पष्ट शब्दांत करता येतो, तसाच तो वागणुकीतूनही गृहीत धरला जातो. किल्ली दिली, मालकाने घेतली आणि दुसरे बिऱ्हाड आणून बसवले, तर ‘मी कुठे काही लिहून दिले होते’ हा युक्तिवाद फारसा टिकत नाही. भद्रकालीतल्या किंवा पंचवटीतल्या वाड्यात दोन खोल्या पूर्वापार किरकोळ भाड्याने दिलेल्या असतात आणि मालकाला त्या मोकळ्या हव्याच असतात. म्हणून गोणपाटात भांडी बांधणाऱ्या बाईला जिन्यात उभे राहून ‘वहिनी, किल्ली राहू द्या माझ्याकडे, मी लक्ष ठेवतो’ असे सांगणारा मालक मनाने कितीही भला असला, तरी ती किल्ली देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. द्यावीच लागली तर ‘फक्त देखरेखीसाठी, ताबा माझाच’ एवढी एक ओळ लिहून त्यावर त्यांची सही घ्यावी.

कुलूप लावून गेलेल्या भाडेकरूला दोन वेगवेगळे ‘सहा महिने’ ठाऊक असावे लागतात, आणि त्यांची गल्लत फार होते. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६(१)(एन) नुसार, दावा दाखल होण्यापूर्वी सलग सहा महिने जागा वाजवी कारणाशिवाय वापरात नसेल, तर मालकाला ताबा मागता येतो. येथे ‘वाजवी कारणाशिवाय’ हे शब्द निर्णायक आहेत. शेजाऱ्याच्या मारहाणीच्या भीतीने राहता न येणे हे वाजवी कारण आहे असे भाडेकरूला मांडता येते, पण ते कागदोपत्री दाखवावे लागते. दुसरे सहा महिने भाडेकरूच्या बाजूचे आहेत. त्याच्या गैरहजेरीत कोणी कुलूप तोडून घुसले, मग तो खुद्द मालक का असेना, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मिळवण्याचा दावा बेदखल झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करता येतो, आणि त्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. घराकडे महिनोन्महिने फिरकलेच नाही, तर ही मुदत नकळत निघून जाते.

या काळात भाडे थांबवू नये. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे थकबाकीसाठी मालकाला आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते हे खरे, पण दारही बंद आणि भाडेही बंद अशी दुहेरी सबब त्याच्या हाती देण्यात शहाणपण नाही. तो भाडे घेत नसेल तर मनिऑर्डर करावी आणि नाकारून परत आलेली पावती जपून ठेवावी. तसेच ‘घर राखायला’ म्हणून परक्या माणसाला खोली वापरायला देऊ नये; त्यातून पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप, म्हणजे बेदखलीचे आणखी एक कारण, उभे राहते.

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या अकरा महिन्यांसारख्या करारावर, राहणाऱ्याचे गणित याच्या नेमके विरुद्ध आहे. त्याच्याकडे जागेतला हितसंबंध नसून वापराची केवळ परवानगी असते. म्हणून त्याने कुलूप लावून किल्ली जवळ ठेवली, तर हक्क राखला जात नाही, फक्त देणे वाढत जाते. कराराची मुदत संपल्यावरही ताबा दिला नाही, तर त्याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्याने करारातल्या अटीप्रमाणे, बहुधा एक महिन्याची, लेखी नोटीस द्यावी आणि किल्ली परत करताना तारीख, किल्ल्यांची संख्या, विजेच्या मीटरचे रीडिंग आणि डिपॉझिटची बाकी लिहिलेली पोच घ्यावी. करारात लॉक-इन कालावधी, म्हणजे ज्या मुदतीपूर्वी करार मोडता येत नाही तो काळ, असेल, तर शेजारी त्रास देतो एवढ्याने तो आपोआप रद्द होत नाही. तेथे मालकाशी बोलणी करणे भाग आहे. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकलेली आहे, आणि करार लेखी व नोंदणीकृत नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. बोलणी करताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

चुंचाळ्यासारख्या महापालिकेच्या घरकुल वसाहतीत राहणाऱ्याला यातले कोणतेच माप लागू होत नाही, कारण स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागा भाडे नियंत्रण अधिनियमाच्या बाहेर आहेत. तेथे वाटपपत्रातील अटी पाहाव्या लागतात. पाहणीच्या वेळी घरात दुसरेच कुटुंब भाड्याने राहताना आढळले, तर वाटप धोक्यात येते. त्यामुळे जाण्यापूर्वी कारण नमूद करून महापालिकेकडे अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा.

त्रास देणारा शेजारीही त्याच मालकाचा भाडेकरू असेल, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६(१)(सी) खाली त्याच्या उपद्रवाबद्दल त्यालाच बाहेर काढता येते. मात्र तो दावा मालकाने करायचा असतो, पीडित बिऱ्हाडाने नव्हे. पीडिताच्या हाती पोलीस तक्रार उरते. अदखलपात्र गुन्ह्याची एनसी (पोलीस ठाण्यातली नुसती नोंद) झाली, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर मात्र सिन्नरला किंवा निफाडला माहेरी गेल्यावर तेथील ठाण्यातही देता येतो, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींतील कुटुंबाला बिगर-अनुसूचित व्यक्तीने घर सोडण्यास भाग पाडणे हा तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. एनसीला लोक कवडीचीही किंमत देत नाहीत, परंतु ‘वाजवी कारण’ दाखवायची वेळ येते तेव्हा तोच कागद कामी येतो, आणि त्यावरची तारीख घर सोडण्याच्या तारखेनंतरची असेल तर मालकाचे वकील पहिले बोट तिच्यावरच ठेवतात.