कुत्र्याला घेऊन चिखलदऱ्याला: कागदपत्रं कोणती, सही कुणाची, प्रवेश कुठे नाही

विदर्भात थंड हवेचं ठिकाण म्हणजे चिखलदरा, दुसरं नावच निघत नाही. पावसाळ्यात दर्यापूर, अंजनगाव, मोर्शी, कारंज्याकडची मंडळी शनिवार-रविवार गाठून गाड्या काढतात, आणि हल्ली मागच्या सीटवर कुत्रंही दिसतं. त्याला न्यायचं तर एकच अर्ज, एकच खिडकी असा प्रकार नाही. डॉक्टरचा कागद वेगळा, रेल्वेचा वेगळा, लॉजवाल्याची परवानगी वेगळी. आणि शेजारच्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गेटवर यातला एकही कागद चालत नाही. म्हणून आधी मुक्काम नव्हे, कागद बघायचे.

कोणतं कुत्रं नेता येईल?

रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की देतात आणि तिचा परिणाम व्हायला साधारण तीन आठवडे जातात. म्हणजे चार महिन्यांच्या आतलं पिल्लू घरीच बरं. मोठ्या कुत्र्याचा वर्षाचा डोस चुकला असेल तर तो आधी द्या, मग तारीख ठरवा. गाभण कुत्रीला घाटाच्या वळणांवर नेऊ नये, हे कुणी सांगायची गरज पडू नये.

लसीची पुस्तिका

हिच्यावर सगळं अडतं. नुसतं ‘लस दिली’ असं लिहिलेलं पान पुरत नाही. लसीच्या बाटलीवरचं छोटं लेबल काढून पानावर चिकटवलेलं हवं, त्यावर बॅच नंबर दिसायला हवा, शेजारी तारीख, पुढच्या डोसची तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का. गावात 6 जुलैला प्राणिजन्य रोग दिनानिमित्त किंवा 28 सप्टेंबरला रेबीज दिनानिमित्त शिबिरं होतात, तिथे लस बरेचदा फुकट मिळते. पण गर्दीत टोचून घेतात आणि कागद न घेता घरी येतात. पुस्तिका सोबत न्या आणि नोंद तिथेच करून घ्या. रेबीजसोबत डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांची एकत्रित लसही झालेली असावी. डोंगरात नवी कुत्री भेटतात, ती कुणी टोचलेली असतीलच असं नाही.

प्रवासाचं आरोग्य प्रमाणपत्र

कुत्र्या-मांजराच्या वाहतुकीसाठी 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत हे प्रमाणपत्र सांगितलं आहे: जनावर प्रवासाला धडधाकट आहे, रेबीज किंवा दुसऱ्या संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत. सही कुणाची, हा खेड्यातला खरा प्रश्न. आपल्याकडे जवळचा सरकारी दवाखाना बहुधा श्रेणी-2 चा असतो आणि तिथे पशुधन पर्यवेक्षक बसतात. गाईम्हशींच्या वेळी हाक मारली की धावून येतात, माणूस मोठा उपयोगाचा. पण ते नोंदणीकृत पशुवैद्यक नसतात आणि 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे असं प्रमाणपत्र नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यायचं असतं. त्यामुळे श्रेणी-1 च्या दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी गाठा, नाहीतर नोंदणीकृत खासगी डॉक्टर. कुत्र्याला सोबत न्या, ‘लिहून द्या ना साहेब, तो घरी आहे’ असं म्हणू नका. कागदावर मालकाचं नाव-पत्ता, कुत्र्याची जात, रंग, लिंग, वय, लसीची तारीख आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते तिथेच वाचून घ्या.

रेल्वेने येणार असाल तर

स्वतःच्या गाडीने येणाऱ्याचं इथे काही अडत नाही. गोंदिया, चंद्रपूर, नागपूरकडून अमरावतीजवळच्या बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने येणाऱ्याने मात्र नीट वाचावं. स्लीपर, थ्री टियर, टू टियर, चेअर कार, यांपैकी कशातही कुत्रं चालत नाही. पहिल्या वर्गाच्या एसी डब्यात चालतं, पण तेव्हाच, जेव्हा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमची असेल. त्यासाठी सगळी तिकिटं एकाच पीएनआरवर आणि कन्फर्म काढा आणि रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे कूपे मिळावा म्हणून साधा विनंती अर्ज द्या. कूपे मिळाला की नाही ते चार्ट बनल्यावरच कळतं, तोवर जीव टांगणीला. नंतर पार्सल ऑफिसात तिकीट, ओळखपत्र, पुस्तिका आणि प्रमाणपत्र दाखवून सामानाच्या दराने पावती करायची. प्रमाणपत्र निघण्याच्या 24 ते 48 तासांतलं हवं आणि गाडीच्या तीनेक तास आधी स्टेशनवर पोचायला हवं. पावतीविना सापडलात तर सामानाच्या दराच्या सहापट वसुली होते.

दुसरा मार्ग ब्रेक व्हॅनमधल्या, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या, कुत्र्याच्या पेटीचा. नियमात बसतो, पैसेही कमी लागतात. पण उन्हाळ्यातल्या विदर्भात त्या लोखंडी पेटीत मी तरी जनावर घालणार नाही. खाणं-पाणी मालकानेच बघायचं असतं आणि ते दर स्टेशनवर उतरून पळतपळत.

जंगलाची हद्द

मेळघाट हा 1973-74 साली प्रोजेक्ट टायगरमध्ये घेतलेल्या देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. सेमाडोह, कोलकासकडची सफारी आणि वनविभागाची विश्रामगृहं कुत्र्यासाठी बंद समजा. गाविलगडही प्रकल्पाच्या हद्दीत येतो, म्हणून किल्ला बघायचा तर एकाने कुत्र्याजवळ थांबायचं. ही आडमुठेपणाची गोष्ट नाही. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह मेले, त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता आणि हा रोग मुळात कुत्र्यांचा. उलट बाजूही आहे: बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार. रात्री लॉजच्या ओट्यावर बांधून ठेवू नका, घाटात गाडी थांबवून मोकळं सोडू नका.

गावातले पॉइंट, भीमकुंडाचा परिसर, बाजार इथे साखळीत धरून फिरवता येतं. वानरांच्या टोळ्या असतात, साखळी आखूड धरा. दरीच्या कडेला धुकं उतरलं की कडा कुठे संपतो ते माणसालाच दिसत नाही.

लॉजची परवानगी

फोनवर ‘आणा ना, काही नाही’ म्हणतात आणि दारात आल्यावर मालक वेगळं बोलतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: कुत्रं खोलीत झोपेल की बाहेर, जादा पैसे किती, अनामत आहे का. कुत्र्याचा फोटो पाठवा, म्हणजे आकारावरून वाद होत नाही. शहरातल्यांनी महानगरपालिकेचा परवाना असेल तर त्याची प्रत सोबत ठेवावी.

परतीची रेल्वे असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. शुक्रवारी घेतलेलं प्रमाणपत्र सोमवारच्या गाडीला जुनं ठरतं. रविवारी सरकारी दवाखान्याच्या भरवशावर राहू नका. निघण्याआधीच अमरावतीतल्या एखाद्या नोंदणीकृत खासगी डॉक्टरची वेळ घेऊन ठेवा. घाट उतरून बडनेऱ्याला जाताना अमरावती वाटेतच लागते.