टोयोटाही पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) करते

फोंड्यातल्या गॅरेजात परवा पुन्हा ऐकलं, "टोयोटा गोदामात काही ठेवतच नाही, म्हणून ती पुढे." अर्धवट माहिती आहे ही. टोयोटाचे अभियंते ताइची ओनो यांनी घडवलेल्या पद्धतीत सुटे भाग हवे तेव्हा, हवे तेवढेच येतात. पेटीतले भाग वापरायला घेतले की तिच्यावरचं कानबान कार्ड काढून मागे जातं. तीच पुढच्या पेटीची मागणी. म्हणजे थोडा साठा असतोच, फक्त मोजून. २०११च्या जपानमधल्या भूकंपानंतर तर कंपनीने पुरवठादारांना गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक चिप्सचा २ ते ६ महिन्यांचा साठा ठेवायला लावला. म्हणूनच २०२१च्या चिप्स-टंचाईत ती इतरांपेक्षा उशिरा अडखळली. आपण नाही का, सुकी मासळी, मिरच्या, सोलं पावसाआधी भरून ठेवतो, पण कोथिंबीर रोजची रोज आणतो?