शस्त्रक्रियोत्तर संभ्रम
शस्त्रक्रियेनंतर वृद्धांच्या शुद्धीत, लक्षात आणि बोलण्यात अचानक होणारा गोंधळ, वैद्यकात डेलिरियम. बहुधा पहिल्या तीन दिवसांत दिसतो, रात्री वाढतो, सकाळी ओसरतो.

कोकणात याची ठरलेली वाट म्हणजे मोडलेला खुबा. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून आजी घसरते, मुलगे मुंबईला, गाडी मिळून रत्नागिरी किंवा गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय गाठेपर्यंत रात्र सरते. वेदना, तहान, जागरण सोबत घेऊनच ती टेबलावर जाते. पुढे बरळू लागली, सलाइन ओढू लागली की ‘भूल डोक्यात गेली’ किंवा ‘बाहेरचं लागलं’ असे घरचे म्हणतात.

म्हणूनच ‘पूर्ण भूल नको, कमरेत इंजेक्शन द्या’ असा आग्रह होतो. खुब्याच्या १६०० रुग्णांवरील रीगेन चाचणीत (२०२१) मात्र संभ्रम कमरेतल्या भुलीनंतर २०.५ टक्के, तर पूर्ण भुलीनंतर १९.७ टक्के आढळला, म्हणजे जवळपास सारखाच. जखमेच्या दाहाचा मेंदूवर होणारा परिणाम, दुखणे, जंतुसंसर्ग, घटलेले सोडियम, तुंबलेली लघवी ही कारणे आधी शोधावीत. औषधेही तपासावीत: खाज किंवा झोपेसाठी सहज दिले जाणारे फेनिरामाइन, प्रोमेथाझिन, डायझेपाम या वयात घात करतात.

दाखल होताच जांघेजवळ नस बधिर करणारे इंजेक्शन दिल्यास अफूवर्गीय वेदनाशामक औषध कमी लागते. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी. उपास मोजून करवावा: साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते, पेज मात्र अन्नच, तिला ६ तास. चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी शुद्धीवर येताच परत द्यावी. उशाशी ओळखीचे माणूस हवे.

तपासणीसाठी वार उलटे म्हणायला सांगावे, आणि तेही शस्त्रक्रियेआधी एकदा करून ठेवावे. चैत्र-वैशाखावर वर्ष मोजणाऱ्या आजीला महिने डिसेंबर-नोव्हेंबर असे उलटे विचारून काही कळत नाही. गप्प पडून राहणारा रुग्ण सर्वांत जास्त निसटतो. ‘शांत झोपलेत’ म्हणून कोणी पाहत नाही.

स्मरणशक्तीची घसरण ही वेगळी गोष्ट. साठीपुढच्या रुग्णांच्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ती शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने २५.८, तीन महिन्यांनी ९.९ टक्के रुग्णांत आढळली.

रोज दारू घेणाऱ्यात दोन-तीन दिवसांनी सुरू होणारी थरथर आणि भास दारू तुटल्यामुळेही असू शकतात. या त्रासाचा उपचार निराळा आहे. तिथे डायझेपामच्या गटातलेच औषध लागते. म्हणून घरच्यांनी ही सवय भूलतज्ज्ञापासून लपवू नये.